गाडीचा ईसीयू स्वतः बांधताना: पेट्रोलचा हिशेब हवेपासून सुरू होतो

साताऱ्यात किंवा सांगलीत जुन्या गाड्यांवर जीव असणाऱ्यांच्या बैठकीत स्वतः बांधलेल्या ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाचा, विषय निघाला, की बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो तो तयार ट्यून फाइल, म्हणजे ईसीयूत भरायच्या आकड्यांचा संच, कुठे मिळेल हा. अशी फाइल मिळते, ती भरल्यावर इंजिन सुरूही होते, आणि तिथेच गैरसमजाला सुरुवात होते, कारण सुरू झालेले इंजिन आणि नीट ट्यून झालेले इंजिन यांत पुष्कळ अंतर असते. दुसऱ्याच्या गाडीची फाइल आपल्या गाडीला का चालत नाही, हे समजण्यासाठी ईसीयूला नेमके काय ठाऊक असते आणि कशाचा तो केवळ अंदाज बांधतो, हे आधी पाहायला हवे.

इंजिनाच्या प्रत्येक चक्रात ईसीयू मुख्यतः दोन निर्णय घेतो: इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा आणि स्पार्क प्लगमध्ये ठिणगी कधी पाडायची. कार्ब्युरेटरच्या गाडीत पहिले काम हवेच्या ओढीने जेटमधून वर येणारे पेट्रोल करते, तर दुसरे काम डिस्ट्रिब्युटरमधली वजने आणि व्हॅक्यूमचा पडदा करतात. ईसीयू हीच कामे आकडेमोडीने करतो. इंजिन ६००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ६००० फेऱ्यांनी, फिरत असताना क्रँकचा, म्हणजे पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा, एक फेरा १० मिलिसेकंदांत पूर्ण होतो, म्हणजे क्रँक एक अंश फिरायला २८ मायक्रोसेकंदही लागत नाहीत. स्पीडुइनो या घरगुती ईसीयूच्या प्रकल्पात वापरली जाणारी अर्डुइनो मेगा ही साधी आठ बिटांची, १६ मेगाहर्ट्झची सर्किटची पाटी आहे, आणि त्या एका अंशात तिला आकडेमोडीसाठी आपल्या घड्याळाचे सुमारे ४४० ठोके मिळतात. काळजीपूर्वक लिहिलेल्या प्रोग्रॅमला एवढे पुरते.

घरी बांधता येईल असा ईसीयू लोकांपर्यंत पोहोचवण्याचे मोठे श्रेय ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांच्या मेगास्क्वर्टला जाते. २००१ च्या सुमारास त्यांनी तो सुट्या भागांचा संच म्हणून पुढे आणला, आणि घेणारा स्वतः सोल्डरिंग करून तो उभा करत असे. पुढे स्पीडुइनो आणि रसईएफआय हे मुक्त प्रकल्प आले. या तिन्ही ईसीयूंशी लॅपटॉपवरून बोलण्यासाठी बहुतेक जण ट्यूनरस्टुडिओ हे सॉफ्टवेअर वापरतात. पहिल्या कामासाठी माझा कल स्पीडुइनोकडे आहे, कारण त्याची पाटी स्वस्त आहे आणि सर्किटचा आराखडा उघडा असल्याने कोणता भाग कशासाठी आहे ते बोट ठेवून शिकता येते. तरीही पाटी कोणती घेतली याला फार महत्त्व देऊ नये. सोल्डरिंग काही दिवसांत उरकते, त्यापुढचे ट्यूनिंग मात्र माणसाच्या चिकाटीची परीक्षा घेते.

कायद्याची बाजू सुरुवातीलाच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील, उत्पादकाने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. त्यामुळे रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला हात लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी, आणि तोपर्यंत स्टँडवर बसवलेल्या इंजिनावर किंवा बंदिस्त आवारातल्या गाडीवर काम शिकावे. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांच्या वाटेला तर जाऊच नये. त्यांचे प्रदूषण नियंत्रण मूळ ईसीयूशी इतके बांधलेले असते की तो काढणे म्हणजे ते नियंत्रणच मोडणे होय.

आता मूळ हिशेबाकडे वळू. उदाहरणासाठी जुन्या मारुती झेनचे ९९३ सीसीचे, चार सिलिंडरचे इंजिन घेऊ. एका सिलिंडरच्या वाट्याला जवळपास पाव लिटर जागा येते. पेट्रोल किती सोडायचे हे त्या पाव लिटरमध्ये किती ग्रॅम हवा शिरली यावर ठरते, आणि नेमकी हीच गोष्ट ईसीयूला थेट मोजता येत नाही. हवेचे वस्तुमान मोजणारा सेन्सर बसवता येतो, पण घरगुती बांधणीत बहुधा दुसरा मार्ग घेतात: मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजायचे आणि वायूच्या नियमाने घनता काढायची. २७ अंश तापमानाला आणि १०० किलोपास्कल दाबाला एक लिटर हवेचे वजन सुमारे १.१६ ग्रॅम भरते. समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटर उंचीवरच्या साताऱ्यात हवेचा दाब ९२ ते ९३ किलोपास्कल असतो, म्हणून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी मॅनिफोल्डमध्ये ९२ च्या वर दाब जात नाही. त्या दाबाला पाव लिटरमध्ये ०.२६७ ग्रॅम हवा मावेल. मावेल म्हटले, कारण प्रत्यक्षात तेवढी शिरत नाही. व्हॉल्व्हची वेळ, मॅनिफोल्डच्या नळ्यांची लांबी, सायलेन्सरचा अडथळा आणि सिलिंडरमध्ये मागे उरलेला जळका वायू यांमुळे भरण कमी होते. प्रत्यक्ष शिरलेली हवा आणि मावू शकणारी हवा यांच्या या प्रमाणाला व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी, थोडक्यात व्हीई, म्हणतात, आणि ते प्रत्येक आरपीएमला व प्रत्येक दाबाला वेगळे असते. ईसीयूमधला सोळा बाय सोळा घरांचा तक्ता या व्हीईचाच असतो. म्हणजे तो तक्ता म्हणजे त्या एका इंजिनाच्या श्वासाची नोंद आहे. दुसऱ्या गाडीचा एअर फिल्टर, सायलेन्सर किंवा कॅमशाफ्ट वेगळा असला की ती नोंद चुकीची ठरते.

समजा त्या घरातला व्हीई ८० टक्के आहे. मग शिरलेली हवा ०.२१३ ग्रॅम झाली. पुस्तकांतून पेट्रोलसाठी हवा आणि इंधनाचे प्रमाण १४.७ दिलेले असते, पण आज आपल्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. शुद्ध इथेनॉलला हे प्रमाण ९ लागते, त्यामुळे मिश्रणासाठी ते १३.५ च्या आसपास येते. आपल्या भागातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून निघणारे इथेनॉल अशा रीतीने थेट आपल्या ट्यूनिंगच्या आकड्यात उतरते. ०.२१३ ग्रॅमला १३.५ ने भागले की १५.८ मिलिग्रॅम येतात. पूर्ण ताकदीच्या वेळी मिश्रण थोडे श्रीमंत, म्हणजे जास्त पेट्रोलचे, ठेवायचे असते, म्हणून लॅम्डा (प्रत्यक्ष प्रमाण भागिले योग्य प्रमाण) ०.८८ धरल्यास १८ मिलिग्रॅम लागतील. मिनिटाला १५० सीसी देणारा इंजेक्टर प्रत्येक मिलिसेकंदाला सुमारे १.८५ मिलिग्रॅम पेट्रोल सोडतो, म्हणजे तो ९.७ मिलिसेकंद उघडा हवा. त्यात इंजेक्टरची सुई उचलायला लागणारा सुमारे एक मिलिसेकंद मिळवला की १०.७ झाले. ६००० आरपीएमला दोन फेऱ्यांचे एक चक्र २० मिलिसेकंदांचे असते, तेव्हा इंजेक्टर जवळपास निम्मा वेळ उघडा राहील. ८५ टक्क्यांच्या पुढे इंजेक्टर ताणू नये असा प्रघात आहे, तेव्हा हा इंजेक्टर या इंजिनाला पुरून उरतो.

हाच हिशेब आयडलिंगला करून पाहिला तर एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. मॅनिफोल्डमध्ये ३५ किलोपास्कल दाब आणि ४५ टक्के व्हीई धरला तर पेट्रोल केवळ ३.४ मिलिग्रॅम लागते, म्हणजे १.८ मिलिसेकंद, आणि त्यावर तोच एक मिलिसेकंद सुई उचलण्याचा. उघडण्याच्या एकूण वेळेचा तिसरा हिस्सा पेट्रोलविना जातो. बॅटरीचा व्होल्टेज घसरला की सुई उचलायला जास्त वेळ लागतो, म्हणूनच हेडलाइट लावल्याबरोबर आयडलिंग डळमळणाऱ्या गाडीत आधी व्होल्टेज दुरुस्तीचा तक्ता तपासावा. पुष्कळ जण तिथे व्हीईचे आकडे फिरवत बसतात आणि दिवस वाया घालवतात.

तापमानाच्या सेन्सरची जागाही विचाराने निवडावी लागते. तो मॅनिफोल्डच्या धातूत बसवला तर गाडी चहासाठी थांबल्यावर धातूबरोबर तापून ७० अंश दाखवू लागतो. ईसीयू समजतो की हवाच विरळ झाली आणि २७ अंशांच्या तुलनेत १२ टक्क्यांहून जास्त पेट्रोल कमी करतो. प्रत्यक्षात आत येणारी हवा तेवढी तापलेली नसते, आणि गाडी पुन्हा सुरू केल्यावर धक्के खाते. एप्रिल-मेमधल्या सांगलीच्या उन्हात हा त्रास हमखास दिसतो. एअर फिल्टरनंतरच्या प्लास्टिकच्या नळीत, वाहत्या हवेत, सेन्सर बसवला की तो बराचसा टळतो.

या सगळ्या हिशेबाच्या आधी ईसीयूला क्रँक कुठे आहे हे ठाऊक असावे लागते, आणि माझ्या मते संपूर्ण बांधणीत सर्वाधिक काळजी इथेच घ्यायला हवी. क्रँकच्या पुलीवर ३६ दात्यांचे चाक बसवतात आणि त्यातला एक दाता काढून टाकतात. प्रत्येक दाता १० अंशांचा, आणि रिकामी जागा म्हणजे मोजणी सुरू करण्याची खूण. असे चाक साताऱ्याच्या किंवा मिरजेच्या एमआयडीसीत लेझरवर कापून मिळू शकते, पण ते पुलीशी एककेंद्री बसले आहे का हे डायल गेज लावून पाहावे. सेन्सर आणि दाता यांच्यात सुमारे एक मिलिमीटर फट असते. चाक पाव मिलिमीटर जरी हेलकावले तरी सिग्नलची ताकद प्रत्येक फेऱ्यात कमीजास्त होते. पुलीचा मधला भाग आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबर असेल तर चाक मधल्या भागावरच बांधावे, कारण जुने रबर सुटून बाहेरची कडी सरकते आणि तिच्याबरोबर टायमिंगही सरकते. रिकाम्या दात्याची जागा पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्याजवळ असताना सेन्सरसमोर येऊ देऊ नये. स्टार्टर मारताना त्या क्षणी क्रँक अडखळतो आणि ईसीयूला खरी रिकामी जागा ओळखू येत नाही.

चुंबकीय, म्हणजे व्हीआर जातीच्या, सेन्सरला दोन तारा असतात, आणि त्या उलट जोडल्या तरी इंजिन अनेकदा सुरू होते. योग्य जोडणीत दात्याचा मध्य समोरून जाताना सिग्नल झपकन शून्य ओलांडतो आणि ईसीयू तो क्षण पकडतो. तारा उलट असतील तर तो दोन दात्यांमधली तिरकस चढण पकडतो, आणि तिथे वेळ वेगाप्रमाणे बदलते. याची परीक्षा टायमिंग लाइटने होते. ठिणगीची वेळ सॉफ्टवेअरमधून पिस्टन माथ्यावर येण्याआधीच्या १० अंशांवर स्थिर करावी, पुलीवरच्या खुणेवर प्रकाश टाकावा आणि आरपीएम हळूहळू ३५०० पर्यंत वाढवावा. खूण जागेवर राहिली तर जोडणी ठीक आहे. ती एका बाजूला सरकत गेली, तर पुढचे सर्व काम थांबवून सेन्सरच्या तारा बदलाव्यात. ही परीक्षा न करता भरलेला ठिणगीचा तक्ता कितीही उत्तम असला तरी त्यातले अंश खोटे असतात, आणि अशा अंशांवर पिस्टन फुटतात.

वायरिंगबाबत थोडक्यात: सर्व सेन्सरांची अर्थिंग ईसीयूवरच्या एका जागी आणावी, कॉइल आणि इंजेक्टरची अर्थिंग इंजिन ब्लॉकवर घ्यावी, क्रँक सेन्सरची तार आवरणवाली असावी आणि ती प्लगच्या तारांपासून दूर न्यावी. प्रत्येक वाटेला फ्यूज लावावा.

इंधनाच्या नळीबाबत मात्र घाई करू नये. कार्ब्युरेटरच्या गाडीत पंपाचा दाब अगदी कमी असतो, इंजेक्शनमध्ये तो सुमारे तीन बार असतो. जुनी रबरी नळी एवढ्या दाबाला फुटू शकते, आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये जुने रबर मऊ पडून तडकतेही. इंजेक्शनसाठीची, इथेनॉल सोसणारी नळी आणि तिचेच क्लॅम्प वापरावेत, परतीची नळी टाकीपर्यंत न्यावी, आणि पंपाचा रिले ईसीयूच्या ताब्यात द्यावा, म्हणजे क्रँक थांबताच पंपही थांबेल. अग्निशामक हाताशी ठेवावा. मॅनिफोल्ड शोधतानाही लक्ष द्यावे. त्याच घराण्यातल्या नंतरच्या इंजेक्शनवाल्या इंजिनाचा मॅनिफोल्ड बसेलच असे नाही, कारण व्हॉल्व्हची संख्या बदलली की हेडवरची भोकेही बदलतात.

आता ट्यूनिंग. यासाठी जळक्या वायूतून मिश्रणाचे प्रमाण मोजणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर हवाच. बॉशचा एलएसयू ४.९ हा या कामात सर्रास वापरला जातो. साधा नॅरोबँड सेन्सर मिश्रण योग्य प्रमाणाच्या अलीकडे आहे की पलीकडे एवढेच सांगतो, किती ते सांगत नाही. मीटरवर १४.७ सारखे आकडे वाचण्यापेक्षा लॅम्डा वाचण्याची सवय लावावी. सेन्सर मुळात लॅम्डाच मोजतो आणि मीटर त्याला १४.७ ने गुणून दाखवतो, त्यामुळे टाकीतल्या पेट्रोलचे खरे प्रमाण १३.५ असले तरी मीटर १४.७ च म्हणतो. लॅम्डा १ म्हणजे योग्य मिश्रण, मग टाकीत काहीही असो. ईसीयूला पेट्रोलचे प्रमाण १४.७ असे सांगून ठेवले असेल, तर व्हीईचे सगळे आकडे खऱ्यापेक्षा सुमारे ९ टक्के जास्त येतील. गाडी चालेल, पण तो तक्ता इंजिनाबद्दल खरे बोलणार नाही.

एक घर भरून पाहू. परवानगी असलेल्या गाडीने यवतेश्वरचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये, ३००० आरपीएम स्थिर ठेवून चढत आहोत आणि मॅनिफोल्डचा दाब ८५ किलोपास्कल आहे. गाडी एकाने चालवावी आणि लॅपटॉप दुसऱ्याने पाहावा, याला अपवाद नको. तक्त्यात त्या घरात ६२ आहे, लॅम्डा ०.९० हवा आहे आणि सेन्सर १.०४ दाखवतो. मग ६२ ला १.०४ ने गुणून ०.९० ने भागायचे, की सुमारे ७२ येतात. नवा आकडा हाच. एवढ्या चढावर एवढे कोरडे, म्हणजे कमी पेट्रोलचे, मिश्रण दिसले तर पाय लगेच काढावा आणि आकडा बदलूनच पुन्हा चढावे. इंजिन पूर्ण गरम झाल्याशिवाय आणि वेग दोन-तीन सेकंद स्थिर राहिल्याशिवाय घेतलेले वाचन धरू नये, कारण जळका वायू सेन्सरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. हेच काम आपोआप करणारी सोय ट्यूनरस्टुडिओच्या सशुल्क आवृत्तीत आहे आणि ती उपयोगी आहे, पण तिला एक गोष्ट कळत नाही. इंजिन मिसिंग करत असेल तर न जळलेला ऑक्सिजन बाहेर पडतो आणि सेन्सर मिश्रण कोरडे आहे असे सांगतो. सॉफ्टवेअर पेट्रोल वाढवत जाते, प्लग काळे पडतात, मिसिंग आणखी वाढते. सायलेन्सरच्या जोडाला सेन्सरच्या आधी गळती असली तरी असेच फसवे वाचन येते. म्हणून आकडा बदलण्यापूर्वी कानाने इंजिन ऐकावे आणि एक प्लग काढून पाहावा.

स्थिर वेगाचा तक्ता जुळला तरी ॲक्सिलरेटर झटकन दाबला की गाडी क्षणभर मान टाकते. याचे कारण मॅनिफोल्डच्या भिंतींवर असते. कोऱ्या माठात ओतलेले पहिले पाणी जसे माठच पितो, तसे वाढीव पेट्रोलचा काही भाग आधी इनटेकच्या भिंतीवर आणि व्हॉल्व्हच्या पाठीवर ओल धरण्यात जातो. ती तूट भरून काढण्यासाठी थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) उघडण्याच्या वेगानुसार थोडे जास्त पेट्रोल द्यावे लागते. थंड इंजिनात ही ओल जास्त लागते, म्हणून थंड इंजिनाच्या वाढीव पेट्रोलचा तक्ता वेगळा असतो, आणि तो जुळवण्याची संधी दिवसातून एकदाच, पहाटे पहिला स्टार्टर मारताना मिळते. व्हीई जुळण्याच्या आधी या तक्त्यांना हात लावला तर एका चुकीवर दुसरी चूक बसून गाडी ठीक वाटू लागते, आणि मग मूळ दोष सापडत नाही.

ठिणगीच्या तक्त्यात मी मुद्दाम मागे राहतो. चार सिलिंडरच्या इंजिनात १ आणि ४, तसेच २ आणि ३ या जोड्यांना एकेक कॉइल दिली की केवळ क्रँक सेन्सरवर काम भागते. ठिणगी थोडी उशिरा पडली तर ताकद थोडी कमी मिळते आणि सायलेन्सर तापतो, पण फार लवकर पडली तर नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा आपोआप स्फोट, होऊन पिस्टन आणि हेड गॅस्केट जातात. सर्वाधिक ताकद कोणत्या अंशाला मिळते हे डायनोशिवाय, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राशिवाय, खात्रीने कळत नाही. डायनो नसेल तर जास्त दाबाच्या ओळींत मूळ गाडीच्या टायमिंगपेक्षा दोन-तीन अंश कमीच ठेवावेत.

आपल्या भागात उंचीचा प्रश्न वेगळा सांगावा लागतो. सांगली सुमारे ५५० मीटरवर, सातारा ७४० वर आणि महाबळेश्वर १३५० वर आहे. महाबळेश्वरला हवेचा दाब ८६ किलोपास्कलच्या आसपास उतरतो. दाब मोजणारी पद्धत हा फरक बहुतांशी स्वतः सांभाळून घेते. अनेक ईसीयू बाहेरचा दाब फक्त चावी फिरवताना वाचतात, त्यामुळे घाटासाठी वेगळा सेन्सर असणे बरे. खरा धोका उलट दिशेला आहे. साताऱ्यात ट्यून केलेल्या गाडीने ९२ किलोपास्कलच्या वरच्या ओळी कधी पाहिलेल्याच नसतात. तीच गाडी कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेली, की समुद्रसपाटीजवळच्या हवेत पूर्ण थ्रॉटलला ९९ किलोपास्कलचा दाब मिळतो आणि ईसीयू अशा ओळीतून आकडा उचलतो जी कोणी तपासलेलीच नाही. तिथे जुन्या फाइलमधला लहान आकडा राहून गेला असेल तर सर्वाधिक भाराच्या क्षणी मिश्रण कोरडे होते. म्हणून वरच्या ओळींत खालच्या ओळींचा कल पाहून व्हीई आधीच चढता भरावा, तिथला हवा असलेला लॅम्डा ०.८५ पर्यंत खाली आणावा आणि ठिणगी आणखी दोन अंश मागे घ्यावी. घाट उतरल्यावर पहिल्या मोकळ्या रस्त्यावर हळूहळू थ्रॉटल वाढवत लॉग (वाचनांची नोंद) घ्यावा, त्या ओळी खऱ्या वाचनाने दुरुस्त कराव्यात आणि फाइल त्या दिवसाच्या तारखेने वेगळी जतन करावी.